होडी काट्यावर चढवा

शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, माझं फायबरचं काम आहे. पाण्याच्या टाक्या, टेम्पोची टपं, रांजणगावच्या कंपन्यांना लागणारी मशिनची कव्हरं, असला माल निघतो. होड्यांची डागडुजी हे त्यातलं हौसेचं खातं. त्यामुळे दौंड-भिगवणकडून अधूनमधून फोन येतो, "काका, जुनी होडी मिळतेय, जरा बघायला येता का?" हल्ली विचारणा असते ती छोट्या डेक बोटीची.

त्याला कारण उजनी. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे दौंड तालुक्यात खानोटा, राजेगावपर्यंत तुंबलं. कुंभारगाव, डिकसळला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. हातभर लांबीच्या लेन्सवाल्यांना उभं राहून फोटो काढायचे असतात, आणि मासेमारीच्या अरुंद होडीत उभं राहिलं की ती डुलते. डेक बोट रुंद असते, पुढचं तोंडही पसरट, मधे सलग सपाट डेक आणि कडेला बाकं. उथळ पाण्यात चालते, लवकर कलत नाही. नवी परवडत नाही. मग कुठल्यातरी फार्महाऊसवाल्यानं हौसेनं घेतलेली आणि दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडलेली जुनी शोधायची.

विकणारा ती धुऊन-पुसून, रंग मारून ठेवतो. घेणारा रंग बघतो, गाद्या बघतो, इंजिनाची कंपनी विचारतो. माझं म्हणणं एवढंच, की फायबरच्या होडीचं दुखणं जिथं हात पोचत नाही तिथं असतं. वरून दिसतं ते फायबर. ते कुजत नाही. पण डेकच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, तळाला ताठ ठेवणारे उभे-आडवे दांडे पुष्कळदा लाकडी, आणि मधल्या पोकळीत होडी बुडू नये म्हणून भरलेला फोम. बाक बसवताना कुणी स्क्रू मारला आणि त्याचं भोक रेझिननं बंद केलं नाही, की तिथून पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. लाकूड काळं पडून भुसा होतो, फोम पाणी धरून बसतो, आणि वरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, चकचकीतच राहतो.

म्हणून मी पहिल्यांदा चपला काढतो. अनवाणी पायानं डेकवर टाच दाबत चालायचं, विशेषतः बाकांच्या पायांशी आणि इंधनाच्या टाकीच्या झाकणाभोवती. बुटातून न कळणारं दबणं टाचेला कळतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीतवीत अंतरावर ठोकत जायचं. निरोगी जागा टणटण वाजते, कुजलेली भद्द. आवाज बदलला तिथं खडूनं खूण करायची. खुणा जोडल्या की रोगाचा नकाशाच तयार होतो, आणि विकणाऱ्यासमोर तो डेकवर काढलेला असला की भावाची अर्धी बोलणी आपोआप होतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मागच्या फळीला, जिच्यावर इंजिन लटकतं. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या पायावर हातानं दाब द्यायचा आणि नजर फळीवर ठेवायची. ती जराही हलली, कोपऱ्यात केसासारखी चीर उघडली, तर आतलं लाकूड गेलं असं धरा. मालक तयार असेल तर सर्वांत खालचा एक स्क्रू काढून बघा. तपकिरी पाणी ओघळलं तर पुढं ठोकत बसायची गरज नाही.

मागच्या मोसमाच्या तोंडावर खानोट्याकडचे दोघं भाऊ अशीच एक डेक बोट बघायला मला घेऊन गेले. आवाज दोन-तीन जागी संशयास्पद, पण मालक ऐकेना. "फायबर जाड आहे हो, म्हणून तसा वाजतो." मी म्हटलं, "शेठ, काट्यावर नेऊ." आपल्याकडे उसामुळे वजनकाट्याला तोटा नाही. आधी ट्रॅक्टरसकट रिकामी ट्रॉली तोलली, मग होडी चढवून तोलली. इंजिन आणि गाद्या उतरवून ठेवल्या होत्या, टाकी रिकामी. होडीवरच्या पट्टीवर कंपनीनं वजन लिहिलेलं ६२० किलो, काटापावतीवर फरक आला ९१० किलो. उरलेल्या २९० किलोंचं काय? एका घनफुटात २८ किलो पाणी मावतं. म्हणजे दहा घनफुटांवर जागेत फोमऐवजी पाणीच होतं. धाकटा भाऊ पावतीकडे बघून म्हणाला, "चार माणसं आधीच बसलीत की हिच्यात." अशी होडी खोल बसते, इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि बुडायची वेळ आली तर ज्या फोमनं तरंगवायचं तोच खाली ओढतो.

उजनीवर वापरलेली होडी असेल तर ती उलटी किंवा कलती करून तळ बघाच. उन्हाळ्यात इथला उपयुक्त साठा संपून पाणी उणे टक्क्यांत जातं. २०२४ मध्ये ते उणे ५० च्याही खाली गेलं होतं. पाणी मागं हटलं की होड्या मुरुमावरून, दगडांवरून ओढत न्याव्या लागतात. त्यानं तळाचा मागचा कणा घासून आतली फायबरची मॅट उघडी पडते. जेलकोटच्या बारीक कोळ्याच्या जाळीसारख्या चिरांना घाबरू नका, ते पॉलिशपेपर आणि जेलकोटचं काम आहे. उघडी मॅट मात्र पाणी शोषते.

इंजिनाचंही इथलं एक खास दुखणं आहे. नायलॉनच्या जाळ्याचे धागे पंख्याच्या दांड्याला गुंडाळतात आणि मागचं सील कापतात. मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थेंबभर ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं. इंजिन सुरू करण्याआधी हात लावून थंड आहे ना बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी ते मिनतवारीनं सुरू करून ठेवलंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. कोकणातून आलेलं इंजिन असेल तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत मीठ साचलेलं असू शकतं. ड्रममध्ये चालवून पाण्याची धार सलग येते का पाहायचं.

दौंड-शिरूरच्या माणसाला आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. भीमा आणि घोडच्या पात्रात वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खातं जिलेटीननं उडवतं, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा धंद्यातल्या बोटीला बाकं लावून, रंग देऊन ती विकायला आणली असेल तर डेकखाली डिझेल इंजिनाच्या बोल्टची बुजवलेली भोकं सापडतात. असल्या इंजिनाच्या हादऱ्यानं आतले दांडे तळापासून सुटतात. कागद तर नसतातच.

आणि कागदांशिवाय प्रवासी घ्यायचे नाहीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनवाल्या होडीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं. किती माणसं बसवायची याची पट्टी नसेल तर अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या होडीसाठी वापरतात तो ठोकताळा उपयोगी पडतो: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले १५. सोळा बाय सहाची होडी असेल तर सहा जण, चालवणारा धरून. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीत वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण बुडाले. हवा बदलली की रुंद डेकचाही भरवसा नसतो, म्हणून जॅकेटं किती आहेत हे मी इंजिनाआधी विचारतो.

भावाचं गणित मी असं करतो. जेलकोट, गाद्या, वायरिंग ही किरकोळ कामं. मागची फळी बदलणं मोठं, पण होण्यासारखं. डेक आणि दांडे दोन्ही गेले असतील तर सगळा डेक कापून काढावा लागतो. त्या मजुरीत दुसरी होडी येते, आणि हे मी माझ्याच धंद्याचं नुकसान करून सांगतोय. खानोट्याच्या भावांनी हेच गणित धरलं. इंजिनाचं कॉम्प्रेशन चांगलं निघालं होतं, त्यांनी इंजिनाचा वेगळा भाव केला आणि होडी मालकाकडेच ठेवली. मालक दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, डेक कापून नवा टाकायला किती घेशील म्हणून.