हाडे घडण्याची दोन वर्षे

हाड म्हणजे शरीरातले निर्जीव वासे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने बांधले जात असते. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. या भाराचा मोठा वाटा स्नायूंचा. स्नायू ओढतो, हाड किंचित वाकते, आतल्या पेशींना ते जाणवते आणि तिथे नवा थर चढतो. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम आढळते ते यामुळेच.

वयात येताना आधी उंची झपाट्याने वाढते, मग स्नायू भरतात आणि शेवटी हाडांत खनिजे साठतात. कॅनडातल्या सस्कॅचवान येथील संशोधकांनी तीच मुले वर्षानुवर्षे मोजली. प्रौढपणीच्या अस्थिखनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा अवघ्या दोन वर्षांत जमा होतो, असे त्यांना दिसले. हा वेग मुलींत साडेबाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हातारपणी खुब्याचे हाड किती तग धरणार, याचा बराचसा हिशेब सातवी-आठवीतच लागतो.

आपल्याकडे या जमाखात्याची सुरुवातच तोकडी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या आयांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांची हाडे अधिक घट्ट होती.

मी वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात राहते. गाळ्यांमधल्या गल्लीत मुलगे क्रिकेट खेळतात. मुली पाचवी-सहावीपर्यंत दोरीच्या उड्या, लंगडी खेळताना दिसतात. पाळी सुरू झाली की त्या दिसेनाशा होतात. घरकाम, शिकवणी, ट्रकची वर्दळ, लोकांच्या नजरा, अशी कारणे अनेक. पण हाडांना खेळाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वर्षांत त्यांचा खेळ सुटतो.

उपाय महागडे नाहीत. तेरा ते पंधरा वयाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या वर मिलिग्रॅम मिळते. तीळ आहेत, आपल्या वसईत काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली आहे. डाळ-उसळीतून स्नायूंना प्रथिने मिळतात. हे कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, म्हणजे अंगावर ऊन हवे. आणि हाडाला हवा असतो धक्का: उडी, धाव, कबड्डी, खो-खो. तासभर सलग उड्या मारण्याची गरज नाही. थोड्या थोड्या वेळाने मारलेल्या उड्यांना हाड अधिक चांगला प्रतिसाद देते.

तेव्हा मुलगी मोठी झाली म्हणून तिची दोरी माळ्यावर टाकू नका. निदान आणखी चार वर्षे ती तिच्या हाती राहू द्या, आणि उड्या मारायला शाळेत, सोसायटीत, गच्चीवर तिला जागा मिळवून द्या.