पुस्तकातील आई आणि पडद्यावरील आई

मुलांनो, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावरून चित्रपट काढला. उत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला लाभले. तो सोहळा पाहावयास गुरुजी मात्र हयात नव्हते.

श्याम पोहावयास भितो व लपून बसतो. तेव्हा तीच प्रेमळ आई हाती शिंपटी घेते. हा प्रसंग वाचणाऱ्या देऊळगाव राजाच्या मुलाने कोकणातील पालगड कोठून पाहिलेले असणार? तो आपल्याच मळ्यातील विहीर डोळ्यांसमोर आणतो. आणि आईचा चेहरा? तोही बहुधा आपल्याच आईचा! चित्रपटात आईला वनमालाबाईंचा चेहरा मिळाला, आणि तो साऱ्या महाराष्ट्राला एकच.

मग चित्रपट उणा म्हणावा काय? तसे नव्हे. आईच्या मनातील जी कालवाकालव लेखक शब्दांनी सांगतो, ती नटीला केवळ मुद्रेने सांगावी लागते. हे काम सोपे नाही. शिवाय पुस्तकातील बेचाळीस रात्रींच्या कथा एका खेळात मावणार कशा? काही गाळाव्याच लागतात. नेमका आपल्या आवडीचा प्रसंग गळला, की वाचक रुसतो. त्याचे रुसणेही खोटे नसते.

२०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावरून पुन्हा चित्रपट काढला, तेव्हा श्यामच्या आईला आणखी एक चेहरा मिळाला.