रोपित अवयव आणि प्रकाशाची चिकित्सा

‘आपला’ आणि ‘परका’ हा भेद साहित्याइतकाच शरीरालाही ठाऊक असतो. १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले, ते एकबीज जुळ्या भावांमध्ये. म्हणून तो अवयव परका ठरला नाही. इतरांच्या बाबतीत मात्र रक्तातील टी-पेशी परका अवयव ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. हा हल्ला थोपवण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. परंतु पहारेकऱ्याला गुंगी दिली की चोरालाही मोकळीक मिळते. जंतुसंसर्ग आणि काही कर्करोग यांचा वाढता धोका, ही त्या औषधांची किंमत होय.

याला पूरक असा निराळा मार्ग म्हणजे ‘फोटोफेरेसिस’. १९८७ मध्ये येल विद्यापीठातील डॉ. रिचर्ड एडेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो त्वचेतील टी-पेशींच्या कर्करोगासाठी मांडला. रुग्णाचे रक्त यंत्रात घेऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांत मेथॉक्सिसोरॅलेन हे द्रव्य मिसळतात, अतिनील ‘अ’ किरण सोडतात आणि त्याच पेशी रुग्णाला परत देतात. प्रकाश पडताच ते द्रव्य पेशीतील डीएनएचे दोन धागे एकमेकांस जखडते आणि पुष्कळशा टी-पेशी काही दिवसांत मरण पावतात.

एका वेळी शरीरातील थोड्याच टी-पेशी यंत्रातून जातात. मग परिणाम सर्वत्र कसा होतो? मरणाऱ्या पेशी गिळणाऱ्या इतर पेशी शांततेचा निरोप पोचवतात आणि संयम राखणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात, असे मानले जाते. म्हणजे येथे सैन्य निःशस्त्र होत नाही, त्याला विवेक शिकवला जातो.

याचा पडताळा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळाला. हृदयरोपण झालेल्या ६० रुग्णांपैकी नेहमीच्या औषधांवरच असलेल्यांत सहा महिन्यांत तीव्र नकाराचे प्रसंग दर रुग्णामागे सरासरी १.४४ होते, जोडीला प्रकाशचिकित्सा घेतलेल्यांत ते ०.९१ भरले. संसर्ग वाढला नाही. मात्र जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ही चिकित्सा औषधांची जागा घेत नाही. ती वारंवार घ्यावी लागते आणि खर्चिकही आहे.

‘सोरॅलेन’ हे नाव आपल्या बावचीच्या ‘सोरॅलिया’ या शास्त्रीय नावावरून आले. पांढऱ्या कोडावर बावची लावून ऊन घ्यावे, हा आयुर्वेदाचा जुना उपाय. वनस्पती आणि प्रकाश यांची तीच जोडी आज निराळ्या कार्यास लागली आहे.

रोपणासाठी लाभलेला अवयव पुष्कळदा कोणा कुटुंबाने आपल्या शोकाच्या घटकेत दिलेला असतो. ते दान टिकावे, म्हणून हा सारा खटाटोप.