शेजारी बसणं म्हणजे सोबत पाहणं नव्हे

गैरसमज : चांगला शैक्षणिक व्हिडिओ लावून दिला की बाळ त्यातून भाषा शिकतं.

वस्तुस्थिती : सिअ‍ॅटलमधल्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये याची पारख केली. घरात इंग्रजीच ऐकणाऱ्या ९ महिन्यांच्या बाळांसोबत मँडरिन बोलणारी माणसं १२ वेळा बसली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली, खेळणी दाखवत बोलली. त्या परक्या भाषेतले बारीक आवाज ही बाळं वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला हेच बोलणं डीव्हीडीवर दाखवलं. ती बाळं मँडरिन कधी कानावरच न पडलेल्या मुलांइतकीच कोरी राहिली. पडदा बाळाच्या नजरेला नजर देत नाही, त्याच्या हुंकाराला ओ देत नाही.

गैरसमज : मग आजीचा व्हिडिओ कॉलही नको.

वस्तुस्थिती : तो जरूर करा. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगणारी भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही नातेवाइकांच्या कॉलला मुभा देते. साताऱ्याची आजी न्यू जर्सीतल्या नातवाचं ऐकते, हसते, पुन्हा विचारते. म्हणूनच हा पडदा वेगळा. फक्त फोन धरणाऱ्याने मध्ये बोलत राहावं : “आजी काय विचारतेय? तुझा बूट दाखव तिला.”

गैरसमज : मी शेजारीच असते, म्हणजे आम्ही सोबतच पाहतो.

वस्तुस्थिती : तुमच्या हातात तुमचा फोन असेल, तर मूल एकटंच पाहतंय. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये नामवंत पाहुणे आणि मोठ्यांना हसू येईल असे विनोद मुद्दाम घातले जात, ते आईवडिलांनीही समोर बसावं म्हणून. बसून बोलायचं असतं. व्हिडिओ थांबवा, “आता हा कुठे जाईल?” म्हणून विचारा. पडद्यावर खंड्या दिसला, तर दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी खरा शोधा. मला हे दुसऱ्या दिवशीचं शोधणं सर्वांत मोलाचं वाटतं.

गैरसमज : सोबत असलं की कितीही वेळ चालतं.

वस्तुस्थिती : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास. त्याहून कमी, तेवढं उत्तम.

गैरसमज : मोबाइलशिवाय आमचं मूल जेवतच नाही.

वस्तुस्थिती : ती लावलेली सवय आहे, त्यामुळे मोडताही येते. सुरुवातीचे काही दिवस रडारड होईल, ताटात घास उरतील. तेवढे दिवस धीर धरा, आणि जेवताना मोठ्यांचे फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा.