यादीत नसलेला सूर

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) येथे रेडिओवर जुनी गाणी ऐकणाऱ्याला कोणत्या गाण्याला बक्षीस मिळाले याच्याशी देणेघेणे नसते. तरीही फिल्मफेअरची विजेत्यांची यादी वाचावी, पण गुणवत्तेचा ताळेबंद म्हणून नव्हे. 1954 साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा संगीतकाराला मान होता, गायकाला नव्हता. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला, पण गायकांचा विचारच होत नसेल तर समारंभात गाणार नाही, असे लता मंगेशकरांनी बजावले. 1959 मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार आला आणि ‘मधुमती’साठी पहिला त्यांनाच मिळाला. गायिकांसाठी तो 1968 मध्ये वेगळा झाला.

पुढे लताबाईंनी 1970 नंतर आणि आशा भोसले यांनी सातव्या पुरस्कारानंतर, 1979 मध्ये, नव्यांना वाव मिळावा म्हणून नाव मागे घेतले. लगेच 1980 मध्ये वाणी जयराम, 1981 मध्ये पंधरा वर्षांची नाझिया हसन आणि 1982 मध्ये परवीन सुलताना विजेत्या ठरल्या. म्हणजे ही माघार निव्वळ शोभेची नव्हती. यावर कोणी म्हणेल, सर्वोत्तम गायिकाच बाहेर, तर यादीला अर्थ काय? आक्षेप खरा आहे. आशाबाईंच्या ‘उमराव जान’मधल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरच्या त्या वर्षीच्या विजेत्यांत मात्र त्या नाहीत. पण या रिकाम्या जागेमुळेच यादी बोलकी होते: कोण स्पर्धेत होते आणि कोण स्वतःहून बाजूला झाले, हे तिच्यातून कळते.