वसतिगृहातील कॉट आणि विद्यार्थ्याची झोप

जून महिना उजाडला की भोकरदनच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. पत्र्याची पेटी जाऊन चाकांची बॅग आली, पण तिच्या शेजारची सुतळीने बांधलेली वळकटी अजून तीच आहे. कोणी जालन्याला, कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी पुण्याला शिकायला निघालेले असते. फी, पुस्तके, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांची चौकशी घरची सर्व मंडळी करतात. मूल तिथे झोपणार कशावर, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. १९९८ साली वसतिगृहात दाखल झालो तेव्हा वाट्याला आलेल्या लोखंडी कॉटची पट्टी मध्यभागी इतकी खोल गेली होती की झोळीत निजल्यासारखे वाटे. सकाळी कंबर धरूनच उठावे लागे. अंगाखाली आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. शेजारच्या मुलाकडे फोमची गादी असल्यामुळे आम्ही ती गोधडी चादरीखाली लपवीत असू. पहिल्या सहामाहीत पहिल्या तासाला डुलक्या आणि रात्री तळमळ असा क्रम चालला. घरी परत जावे, असे अनेकदा मनात आले. अखेर वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने किराणा दुकानातून रिकामी खोकी आणली, ती उलगडून सपाट केली आणि सहा-सात थर एक आडवा, एक उभा असे पट्टीवर अंथरले. वर तीच गोधडी. त्या रात्री आम्ही प्रथमच सलग झोपलो. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

विद्यार्थ्याने सुखाची झोप मागू नये, असे आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतात आणि त्यासाठी धम्माचा दाखला देतात. अष्टशीलातील शेवटचे शील उंच व भव्य शय्येपासून दूर राहण्याचे आहे, हे खरे. आळवी येथे ऐन हिवाळ्यात, गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या जमिनीवर पानांच्या पातळ अंथरुणावर तथागत झोपले आणि झोप चांगली लागली असे त्यांनी हत्थकाला सांगितले, हेही खरे. परंतु तेथे मुद्दा असा आहे की लोभाने जळणाऱ्या माणसाला महालातही झोप येत नाही. पाठ मोडणारी कॉट पुण्यकारक असते, असे तेथे कोठेही नाही.

उलट विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या अंथरुणाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. लोकर, कापड, झाडाची साल, गवत आणि पाने या पाच वस्तूंनी भरलेल्या गाद्यांना तेथे परवानगी आहे. अंथरूण बाहेर काढून उन्हात टाकावे, झटकावे आणि पुन्हा जागेवर नीट ठेवावे, हा तर शिष्याच्या कर्तव्यांचाच भाग आहे. भिक्खूच्या चार गरजा म्हणजे चीवर, पिंडपात, सेनासन आणि औषध. यातील सेनासन म्हणजे निजण्या-बसण्याची सोय. आपल्याकडून फार दूर नसलेल्या अजिंठ्यास बारा क्रमांकाचे लेणे पाहावे. बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे. दोघांत एक खोली ही वसतिगृहाची रीत दोन हजार वर्षांपूर्वीची आहे म्हणायची! आठवे शील तर आपण उपोसथाला घेतो. त्या रात्री गादी गुंडाळून खाली चटईवर निजावे. एरवी गृहस्थाला पंचशील आहे आणि त्यात गादीला मनाई नाही. अंथरुणाचा दिखावा नको, एवढाच अर्थ घ्यावा. आणि पाच गाद्यांत कापडाची गादी आहे, म्हणजे आईच्या गोधडीची लाज वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. आम्हांस हे कळायला उशीर झाला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खोली ताब्यात मिळताच प्रथम कॉट मोजावी. काही सहा फूट बाय तीन फुटांच्या असतात, काही अडीच फुटांच्याच. घरून मोजमाप न करता आणलेली गादी कडेने लोंबते आणि रात्री माणसासकट घसरते. नंतर कॉटवर बसून, हलवून पाहावे. करकर आवाज येत असेल तर नटबोल्ट आवळावेत. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले म्हणजे डुगडुगणे थांबते. पट्टी सैल असेल तर ती बदलून देण्यासाठी अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. तोवर खोकी आहेतच. प्लायवूडची फळी मिळाली तर त्याहून उत्तम.

गादी तीन-चार इंच जाडीची पुरे. आपण कापसाच्या मुलखातले, तेव्हा गादीवाल्याकडून रुई समोर पिंजून, भरून घ्यावी. कापड गिरण्यांचा रंगीत टाकाऊ कापूस भरलेल्या तयार गाद्या स्वस्त मिळतात, पण त्यांचे लवकरच गोळे होतात. रुईची गादी बसली तर पुन्हा पिंजून घेता येते, फोम बसला की संपला. हलका फोम बोटाने दाबून पाहावा. तळाला बोट टेकत असेल तर पाठही टेकणार. जुन्या गादीवर गोधडी दुहेरी घालून अंथरली तरी पुष्कळ फरक पडतो. वरची खोळ काढून धुता येईल अशीच शिवावी.

उशीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि मान आखडली की दोष अभ्यासाला देतात. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांमधील अंतर भरून काढेल इतकी जाड हवी. पाठीवर झोपणाऱ्याला पातळ उशी लागते. उशी नसेल तर टॉवेलच्या घड्या कमी-जास्त करून आपले माप शोधावे.

थंडीत मुले पांघरूण वाढवतात आणि तरी कुडकुडतात. लोखंडी कॉटवर गारवा खालून येतो, आणि पातळ गादी अंगाच्या भाराने दबली की तो अडत नाही. म्हणून एक गोधडी वरून काढून खाली घालावी. तीही नसेल तर वर्तमानपत्रांचा जाड थर द्यावा. उन्हाळ्यात याच्या उलट. रुईची गादी तापते, तेव्हा तिच्यावर चटई आणि चटईवर सुती चादर घालावी. पावसाळ्यात कॉट भिंतीपासून वीतभर दूर ओढावी, नाहीतर भिंतीची ओल गादीत उतरते. मच्छरदाणी मात्र बारा महिने हवी. चारही बाजूंनी ती गादीखाली खोचली तरच उपयोग. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी आडवे होतानाही ती सोडावी.

आता ढेकूण. हा विषय आम्ही मुद्दाम सविस्तर घेत आहोत. चादरीवर तपकिरी काळपट ठिपके, अंगावर ओळीने उठलेल्या गांधी, ही त्यांची खूण. ते गादीच्या शिवणीत, कॉटच्या सांध्यांत आणि पोकळ नळीत राहतात. गादी नुसती उन्हात टाकली तर ते खालच्या गार बाजूला सरकतात. म्हणून ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडक उन्हात ठेवावी आणि मधून उलटावी. आतील उष्णता पन्नास अंशांच्या वर गेली तरच ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. कॉट बाहेर काढून सांध्यांवर आणि नळ्यांत उकळते पाणी ओतावे. हे आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावे आणि सगळ्या खोल्यांनी एकाच दिवशी करावे. कडुनिंबाचा पाला कपड्यांच्या पेटीत ठीक आहे, ढेकणांच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आणि घरून कपाशीवरचे औषध बाटलीत भरून आणू नये. शेतकऱ्याच्या मुलाला हा उपाय सहज सुचतो, म्हणूनच तो धोक्याचा. शेतातील फवारणीचे औषध अंथरुणावर मारले की ते रात्रभर कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. बंद खोलीत, कधी शेजारच्या खोलीतही, झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. त्यावर नेमका उतारा नाही. खोलीत कोणी अशा गोळ्या ठेवल्याचे कळले तर लाज, भीड न धरता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि अधीक्षकांस उठवावे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील मुले वळकट्या घेऊन तेथे पोहोचली. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-निजण्याची सोय हवी, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आजही वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, पण पैसे हाती येईपर्यंतचे महिने भाड्याच्या खोलीत फरशीवर काढणारी मुले आम्हांस माहीत आहेत. म्हणून एक सूचना. दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्कारात आपण शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देतो. त्याऐवजी बाहेरगावी निघालेल्यास एक मच्छरदाणी, एक सुती चादर आणि दोन अभ्रे द्यावेत. प्राचीन भोगवर्धनच्या, म्हणजे आपल्याच भोकरदनच्या, दात्यांची नावे सांचीच्या शिलालेखांत आहेत. सेनासनाचे दान या गावाला परके नाही. स्मृतिचिन्हे शोकेसात धूळ खातात, हे आमचे स्पष्ट मत आहे. असो.

सत्र संपून गावी परतताना गादी तशीच पसरून ठेवू नये. ऊन देऊन, गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावी आणि कॉट भिंतीपासून दूर उभी करावी. सुट्टीत खोली रिकामी राहिली म्हणून ढेकूण उपाशी मरत नाहीत, ते कित्येक महिने अन्नावाचून जगतात. तेव्हा परतल्यावर सामान लावण्याआधी उकळत्या पाण्याची एक बादली कॉटला द्यावी.