मदरबोर्ड गेला म्हणजे फाइली गेल्या?

"बोर्ड उडालाय, बदलावा लागेल. फॉरमॅटही मारावं लागेल, डेटा काही राहणार नाही." दुरुस्तीच्या दुकानात हे दोन्ही एका दमात सांगितलं जातं आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. बोर्ड उडाल्याचं खरं असू शकतं. डेटा राहणार नाही हे मात्र बहुतेक वेळा खरं नसतं, आणि त्यापायी मुलांचे फोटो, दुकानाचे हिशोब, अर्धा लिहून झालेला प्रबंध विनाकारण पुसला जातो.

या सगळ्याच्या मुळाशी समजूत अशी असते की संगणकातलं सगळं मदरबोर्डवर साठवलेलं असतं. प्रत्यक्षात मदरबोर्डचं काम जोडणीचं. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांना वीज पुरवायची आणि त्यांच्यात माहितीची ये-जा घडवायची. त्यावर कायमचं राहतं ते फार थोडं: बायोस किंवा यूईएफआय हा संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याची सेटिंग्ज आणि अलीकडच्या संगणकांत टीपीएम, म्हणजे कूटबद्धतेच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग. तुमच्या फाइली आणि विंडोज, दोन्ही असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. साटा डिस्क दोन केबल काढल्या की मोकळी होते. एम.टू प्रकारची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि बोर्डावरच बसवलेली दिसते, पण तीही एक छोटा स्क्रू काढला की हातात येते. बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटण सेल काढल्यानेही फाइली जात नाहीत. तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंग्ज तेवढी मूळपदावर येतात.

अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. ॲपलच्या टी२ चिपच्या मॅकबुकमध्ये आणि त्यानंतरच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावर आणि त्याच्या कूटबद्धतेची किल्ली चिपच्या आत असते. तिथे बोर्ड गेला की डेटा गेला असंच धरून चालावं. बॅकअप आधीच असेल तर तोच एक आधार.

"नव्या बोर्डावर जुनं विंडोज चालूच शकत नाही" ही समजूत एके काळी रास्त होती. विंडोज एक्सपी ज्या डिस्क कंट्रोलरवर बसवलेलं असे, त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला लोड करी. कंट्रोलर बदलला की एरर ७बीची निळी स्क्रीन ठरलेली. पुष्कळ कारागिरांचा हात त्याच काळात बसला आणि फॉरमॅटची सवय तेव्हापासूनची आहे. विंडोज १० आणि ११ मात्र पहिल्यांदा सुरू होताना नवं हार्डवेअर ओळखतात, थोडा वेळ घेतात, एक-दोनदा रीस्टार्ट होतात आणि बहुधा जुन्या डेस्कटॉपवर आणून सोडतात. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी हे साधतं. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे तिथे अडचण आणखी कमी. फार तर यूईएफआयमधली बूटची नोंद पुन्हा करावी लागते, कारण ती नोंद जुन्या बोर्डाबरोबर गेलेली असते.

अडतं ते ठरावीक ठिकाणी. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने एमबीआर या जुन्या रचनेच्या डिस्कवर बसवलेलं असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयच मानत असेल, तर डिस्क बूट होणार नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे. ते फाइली न पुसता डिस्कची रचना यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीत बदलतं आणि इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं. दुसरी अडचण साटा मोडची, म्हणजे बोर्ड डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतो तिची. जुन्या बोर्डावर रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी चालू असेल आणि नव्यावर एएचसीआय असेल, तर विंडोज वर येत नाही. म्हणून बोर्ड जिवंत असतानाच बायोसच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. इंटरनेट चाललं नाही तर घाबरू नका, लॅनचा किंवा वायफायचा ड्रायव्हर नसेल. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केलं की काम भागतं. आणि विंडोज मुळीच सुरू झालं नाही तरी फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्या आधी उतरवून घ्याव्यात, मगच नव्याने विंडोज टाकायचा विचार करावा.

आता खरा धोका, ज्याबद्दल दुकानात फारसं कुणी बोलत नाही. "मी डिस्कला कधी लॉक लावलंच नाही" असं बहुतेकांना वाटतं. पण आजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलेशनमध्ये, होम एडिशनसह, हीच रीत झाली आहे. या लॉकची किल्ली टीपीएम सांभाळतं आणि एरवी मुकाट्याने उघडून देतं. बोर्ड बदलला की टीपीएम बदलतं, आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारं विंडोजमधलं साधन, ४८ अंकी रिकव्हरी की मागतं: सहा-सहा अंकांचे आठ गट. ती की नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही एक फाइल उघडणार नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तरी तीच की लागते. मायक्रोसॉफ्टसुद्धा हरवलेली की नव्याने बनवून देऊ शकत नाही.

ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या संकेतस्थळावर साठवलेली असते. पडद्यावर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या नोंदीशी जुळवून नेमकी की निवडायची. पण ते अकाउंट कोणाचं? लॅपटॉप घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, की मुलाच्या ईमेलवरचं, की कॉलेजचं? हे आजच शोधा, संगणक धड चालू असताना. की कागदावर लिहून घरात ठेवा. बोर्ड बदलण्याआधी संगणक सुरू होत असेल तर बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, किंवा सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून घ्या. की टाकून आत गेल्यावरही ती दर वेळी मागितली जात असेल, तर एकदा सस्पेंड करून पुन्हा चालू करावं. टीपीएमशी बांधलेला लॉगइनचा पिनही चालेनासा होतो, त्यामुळे पासवर्ड माहीत हवा.

ॲक्टिव्हेशनची भीती मात्र नाहक आहे. ॲक्टिव्हेशन गेलं तर कोपऱ्यात सूचना दिसते, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही. फाइली उघडतात, काम चालतं. रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. त्यासाठी ते आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं असावं, मग ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय मिळतो. संगणकाबरोबर आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं; कंपनीनेच सदोष बोर्ड बदलून दिला असेल तर गोष्ट वेगळी.

"फॉरमॅट झालं तरी रिकव्हर करता येतं" यावर विसंबणं महागात पडतं. जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर बरंच काही परत मिळे. एसएसडीवर ट्रिम या आज्ञेमुळे मोकळ्या झालेल्या जागेतली माहिती लवकरच कायमची पुसली जाते.

म्हणून लॅपटॉप किंवा डेस्कटॉप संगणक दुकानात देताना, डिस्क सुटी होणारी असेल तर ती काढून घरी ठेवा. बोर्ड नीट चालतो का हे तपासायला कारागिराला तुमची डिस्क लागत नाही. बायोसचा पडदा डिस्कशिवायही येतो, आणि पुढची चाचणी तो आपल्या पेनड्राइव्हवरून करू शकतो. तुमची डिस्क बसवायची वेळ आली की समोर बसून बसवून घ्या.